नकाशातला नकाशा: एक्सरेफ नावाच्या सोयीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते इथे काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच.

सुरुवात सातबाऱ्यापासून करूया. घरचा सातबारा मोबाइलवर उघडा. नावांच्या शेजारी आकडे दिसतील. ते फेरफार क्रमांक. हे नाव इथे वारसाने आलं, खरेदीने आलं की वाटणीत, हे सातबारा स्वतः पूर्ण सांगत नाही. तो फक्त म्हणतो, गाव नमुना ६ मध्ये अमुक नंबरची नोंद बघा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला, तेव्हापासून जमिनीच्या हक्कात काय बदललं ते नोंदवत जायची ही शिस्त. आमच्या वालावलला काय किंवा कोकणात कुठेही काय, एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असणं नवीन नाही. तिथे प्रत्येक नावामागची कहाणी लिहायची म्हटली तर कागद पुरणार नाही. म्हणून कहाणी एका जागी आणि तिचा पत्ता दुसऱ्या जागी.

पण फेरफाराचं ते जुनं पान फाटलं किंवा सापडेनासं झालं तर? आकडा राहतो, कारण हरवतं. आणि मग भावकीत काय होतं, ते मी सांगायला नको.

आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, तीही अशीच आहे. फक्त जमिनीऐवजी कारखान्याच्या नकाशातली. तिचं नाव एक्सटर्नल रेफरन्स, ऑफिसातल्या भाषेत एक्सरेफ.

आधी कागदाचा काळ बघू. मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. एक स्टॅनव्हॅकचा, जो पुढे एस्सोचा आणि मग हिंदुस्थान पेट्रोलियमचा झाला. दुसरा बर्मा शेलचा, आजचा भारत पेट्रोलियमचा. असा कारखाना म्हणजे एक नकाशा नसतो, हजारो असतात. पाया सिव्हिलवाल्यांचा, लोखंडी सांगाडा स्ट्रक्चरवाल्यांचा, टाक्या आणि पंप एक्विपमेंटवाल्यांचे, पाइप पाइपिंगवाल्यांचे, केबली इलेक्ट्रिकलवाल्यांच्या. सगळे एकाच जागेवर आपापलं काढणार. पंपाची जागा पाइपवाल्याला माहीत हवी, पण ती ठरवणार दुसराच.

तेव्हाचा उपाय म्हणजे प्रत काढणे. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये निळ्या छपाईची पद्धत शोधली होती. ब्लूप्रिंट हा शब्द तिथूनच आला. पुढे अमोनिया प्रिंट आली. ट्रेसिंगवरून प्रत काढायची आणि प्रत्येक खात्याला एकेक द्यायची. अडचण एवढीच, की प्रत काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मूळ नकाशा बदलला, तर प्रतीला ते कळत नाही. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडा, जुन्या प्रतीवर रद्दचा शिक्का आणि कोणाकडे कुठली प्रत गेली त्याचं रजिस्टर. रजिस्टर सांभाळणारा माणूस सुट्टीवर गेला की सगळ्यांची पंचाईत.

१९७०-८० च्या सुमारास परदेशातल्या ड्रॉइंग ऑफिसांत आणखी एक युक्ती रुळली. पारदर्शक पॉलिस्टर फिल्मच्या वरच्या कडेला भोकं पाडायची आणि टेबलावरच्या पट्टीच्या खिळ्यांत ती अडकवायची. खाली इमारतीचा मूळ नकाशा, त्यावर पाइपची फिल्म, त्यावर वायरिंगची. मूळ नकाशा एकदाच काढायचा, बाकीच्यांनी तो खाली ठेवून आपलं काम वर करायचं. एक्सरेफचा जन्म खरं तर या खिळ्यांवर झाला, असं मला वाटतं.

कम्प्युटरवर ही कल्पना त्याच्या आधीच पोचली होती. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने पीएचडीसाठी स्केचपॅड हा प्रोग्राम लिहिला. त्यात एक मूळ आकृती काढायची आणि तिची रूपं हव्या तितक्या जागी ठेवायची. मूळ बदललं की सगळी रूपं बदलायची. पण ते यंत्र अख्खी खोली व्यापणारं होतं. सामान्य ऑफिसातल्या पीसीवर ऑटोकॅड आलं १९८२ च्या अखेरीस. त्यात दुसरी फाइल आपल्या नकाशात आणायची, तर ती कॉपी होऊन यायची. म्हणजे पुन्हा अमोनिया प्रिंटचंच दुखणं.

१९९० च्या ऑटोकॅड रिलीज ११ मध्ये एक्सरेफ आला. आता माझ्या फाइलमध्ये तुमचा नकाशा नसतो, त्याचा पत्ता असतो. मी फाइल उघडली की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जातं, आजचा नकाशा आणतं आणि माझ्या नकाशाखाली दाखवतं. तुम्ही पंप हलवलात की मला तो हललेला दिसतो. त्याला लागून असलेल्या माझ्या पाइपचं काय करायचं, ते मात्र मलाच बघावं लागतं.

आजच्या प्लँट डिझाइनमध्ये, समजा प्लँट थ्रीडीमध्ये, काम असंच वाटलेलं असतं. सांगाड्याच्या फाइली वेगळ्या, यंत्रांच्या वेगळ्या, पाइपच्या वेगळ्या, आणि सगळ्या एकमेकींना एक्सरेफने जोडलेल्या. वर प्रोजेक्ट मॅनेजर नावाची यादी असते. फाइलचं नाव बदलायचं किंवा जागा हलवायची तर त्या यादीतूनच. विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन परस्पर नाव बदललंत, तर यादीला पत्ता लागत नाही.

आता माझी चूक सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी गावी होतो. नेटवर्क म्हणाल तर अंगणात एका कोपऱ्यात, तेही पावसात नाही. म्हणून प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घेतला. उघडला तर पाइप दिसतायत आणि सांगाडा गायब. त्या जागी नुसती एक ओळ, ऑफिसच्या सर्व्हरवरच्या पत्त्याची. पत्ता पूर्ण लिहिलेला होता, ड्राइव्हच्या अक्षरापासून, आणि माझ्या लॅपटॉपवर तो ड्राइव्हच नव्हता. मी काय केलं? सांगाड्याची एक जुनी फाइल माझ्याकडे होती, ती जोडली आणि वर बाइंड केली. बाइंड म्हणजे पत्ता पुसून नकाशा कायमचा आपल्या फाइलमध्ये ओतणे. स्क्रीनवर सगळं छान दिसलं. काम वेळेत गेलं.

दोन महिन्यांनी साइटवरून फोन आला, पाइप बीमला लागतोय. मधल्या काळात बीम दीडशे मिलिमीटर सरकला होता. मूळ फाइलमध्ये सरकला होता, माझ्या ओतलेल्या प्रतीत नाही. तयार पाइप कापून पुन्हा वेल्ड करावा लागला. ज्या वेल्डरने ते उन्हात उभं राहून केलं, त्याची यात काहीच चूक नव्हती.

माझा पाइप छोटा होता. एअरबसच्या ए३८० विमानाचं असंच दुखणं जगाने पाहिलं. हॅम्बुर्गची टीम कॅटिया सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर, तुलूझची पाचव्या आवृत्तीवर. दोघांचं मॉडेल एकमेकांत नीट जात नव्हतं. एका विमानात साधारण ५३० किलोमीटर वायर, आणि जुळणीच्या वेळी वायरचे जुडगे जागेवर बसेनात. २००६ मध्ये उशिरामागून उशीर जाहीर झाला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा जवळजवळ दीड वर्ष उशिरा. तिथे दोन्हीकडचे इंजिनियर हुशारच होते. सगळे एकाच ताज्या नकाशाकडे बघत नव्हते, एवढंच.

मग करायचं काय? पत्ता सापेक्ष ठेवायचा, म्हणजे "या फोल्डरच्या शेजारचा फोल्डर" असा, म्हणजे सगळं एकत्र हलवलं तरी तुटत नाही. गंमत म्हणजे ऑटोकॅडने सापेक्ष पत्ता हा आपणहून निवडलेला पर्याय केला तो २०१८ च्या आवृत्तीत. १९९० पासून तोवर माझ्यासारखे किती जण त्या खड्ड्यात पडले असतील! दुसरं, काम चालू असताना बाइंड करायचं नाही. बाइंड फक्त शेवटी, ग्राहकाला किंवा संग्रहाला द्यायच्या प्रतीत, आणि तिच्यावर तारीख नि रिव्हिजन घालून. तिसरं, एक्सरेफ सापडला नाही असा निरोप आला की तो बंद करून पुढे जायचं नाही. ज्याची फाइल आहे त्याला फोन करायचा. मी तो एक फोन केला नव्हता.

कॉपी केली की आपली वस्तू आपल्याजवळ राहते, पण ती त्या दिवशीच थांबते. पत्ता ठेवला की ताजं मिळतं, पण पत्ता जपावा लागतो. अमोनिया प्रिंटचं रजिस्टर लिहिणारा कारकून, खिळ्यांवर फिल्म बसवणारा ड्राफ्ट्समन, प्रोजेक्ट मॅनेजरची यादी सांभाळणारा आजचा ॲडमिन, हे सगळे एकच काम करत आलेत. आपल्याला त्यांची नावं कधी कळत नाहीत.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरचा सातबारा उघडा, त्यावरचा एक फेरफार नंबर निवडा आणि ती नोंद शोधून वाचा. आजोबा-काका अजून आहेत तोवर विचारून घ्या. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.