पाणबुड्याचा अंगरखा

कपड्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा राजवाड्यांत, दरबारांत आणि बाजारपेठांत वावरतात. समुद्राच्या तळाशीं जाणाऱ्या माणसानें काय ल्यावें, तें कसें ल्यावें आणि वर आल्यावर त्यांतून कसें सुटावें, हा प्रश्न त्यांना सहसा सुचत नाहीं. तरी या एका प्रश्नानें जवळजवळ दोनशें वर्षें कारागीर, खलाशी आणि शास्त्रज्ञ यांना सारखें छळलें आहे. श्रोतेहो, त्याच पोशाखाची हकीकत आज सांगावयाची आहे. तो अंगावर चढविण्याची आणि उतरविण्याची खटपट वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु पाण्याखालचा माणूस कोणावर विसंबून असतो, हें त्या खटपटीवरून जितकें स्पष्ट कळतें तितकें दुसऱ्या कशावरूनही कळत नाहीं.

मुळांत पोशाख हवा कशाला? पाण्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, तें हवेच्या सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. आपल्या शरीराची ऊब ३७ अंशांच्या आसपास असते. पाणी त्याहून थोडें जरी थंड असलें तरी तें ही ऊब अखंड शोषीत राहतें. मालवणच्या कोमट समुद्रांतही फार वेळ राहिलेला मनुष्य कुडकुडत बाहेर येतो; मग उत्तरेकडील थंड समुद्रांत त्याची काय अवस्था होत असेल? तेथें श्वास पुरतो, बळ पुरतें, पण ऊब पुरत नाहीं. म्हणून पाणबुड्याचा पोशाख ही हौस नसून अक्षरशः अंगरखा, म्हणजे अंगाचें रक्षण करणारी वस्तु आहे.

या रक्षणाचा पहिला उपाय अगदीं सरळ होता: पाणी अंगाला लागूंच द्यावयाचें नाहीं. योगायोग असा कीं, १८२३ या एकाच वर्षीं ब्रिटनमध्यें दोन गोष्टी घडल्या. मॅकिंटॉशनें दोन कापडांमध्यें रबराचा थर दाबून जलाभेद्य कापड तयार केलें. आणि डीन नांवाच्या गृहस्थानें धुरानें कोंदलेल्या घरांत शिरतां यावें म्हणून एका शिरस्त्राणाचें पेटंट घेतलें. पुढें डीन बंधूंनीं तें शिरस्त्राण पाण्यांत नेलें. परंतु तें खालून उघडें असे. त्यामुळें पाणबुड्या वांकला किंवा पडला तर आंत पाणी शिरून जीव जाण्याचें भय असे. लंडनमध्यें स्थायिक झालेला जर्मन कारागीर ऑगस्टस सीब यानें १८३७ च्या सुमारास शिरस्त्राण आणि पोशाख एकमेकांना घट्ट जोडून टाकले व तें भय घालविलें. पोर्ट्स्मथजवळ १७८२ सालीं आठशेंहून अधिक माणसांना घेऊन बुडालेलें 'रॉयल जॉर्ज' हें जहाज तळाशीं पडून होतें. कर्नल पॅस्ली यांनीं १८३९ ते १८४३ या काळांत त्याचे अवशेष काढण्याचें काम केलें, तेव्हां सीबचा बंद पोशाख कसोटीस उतरला. पुढें शंभर वर्षें पाणबुड्या म्हटला कीं, तांब्याचें तें वाटोळें डोकें आणि तो ढगळ पोशाख हेंच चित्र डोळ्यांपुढें येई.

आतां हा पोशाख घालण्याची रीत ऐका. पाणबुड्या प्रथम जाड लोंकरीचे कपडे घालून एका लहान चौरंगावर बसे. पोशाख पायांच्या बोटांपासून गळ्यापर्यंत अखंड, आणि आंत शिरण्याची वाट एकच, गळ्याची. त्या वाटेनें तो पाय घाली आणि दोन मदतनीस दोन्ही बाजूंनीं पोशाख ओढून वर घेत. खरी कसोटी मनगटापाशीं. तेथें रबराचीं अरुंद तोंडें असत. पाणी आंत येऊं नये म्हणून तीं मनगटाला घट्टच बसावीं लागत. कासार सुवासिनीचा पंजा मिटवून, दाबून, साबणाचा हात देऊन बांगडी चढवितो ना, तसाच कांहींसा प्रकार येथें चाले. मदतनीस बोटांनीं किंवा वांकड्या पट्ट्यांनीं तें तोंड ताणून धरीत, मऊ साबण लावीत आणि पाणबुड्या आपला पंजा निमुळता करून नेटानें पुढें रेटी. मग खांद्यावर तांब्याचें कडें, त्यावर पितळी पट्ट्या व मळसूत्रें, पायांत शिशाच्या तळांचे बूट, छातीवर आणि पाठीवर शिशाचे गोळे. सगळ्याचें मिळून वजन ८० किलोच्या घरांत जाई. शिरस्त्राण फिरवून बसविल्यावर हवेचा पंप सुरू होई आणि सर्वांत शेवटीं तोंडापुढची कांच लागे. वर आल्यावर सर्वांत आधीं निघे ती तीच कांच.

या साऱ्या विधींत पाणबुड्याच्या हातीं जवळजवळ कांहींच नसे. त्याला कोणी चढवावें, कोणी उतरवावें. आणि जे लोक पोशाख चढवीत त्यांच्यांतलेच कोणीतरी वर त्याची दोरी धरून आणि त्याच्या हवेच्या नळीवर लक्ष ठेवून बसत. तो पोशाख एका माणसाच्या अंगावर असे, पण तो अनेक माणसांचा असे.

दुसऱ्या महायुद्धानें ही व्यवस्था मोडली. आतां असा माणूस हवा होता कीं, जो रात्रीं एकटा पोहत जाऊन शत्रूच्या जहाजाखालीं सुरुंग लावील. १९४१ च्या डिसेंबरांत इटालियन पाणबुड्यांनीं अलेक्झांड्रिया बंदरांत दोन ब्रिटिश लढाऊ जहाजें निकामी केलीं, तेव्हां या नव्या युद्धाची धास्ती सर्वांनाच बसली. ब्रिटिशांनीं या कामासाठीं जो पोशाख काढला त्यांत पोटावरच्या एका रबरी बोगद्यांतून शिरावें लागे. शिरल्यावर त्या बोगद्याला घड्या घालून तो पकडीनें आवळीत. सैनिकांनीं त्याला 'चिकट मरण' असें नांव ठेवलें, यावरून तो किती सुखद असेल याची कल्पना करावी. शिवाय अशा साऱ्या कोरड्या पोशाखांत एक मर्म होतें. टांचणीएवढें भोंक पडलें तरी आंतली लोंकर भिजे, आणि भिजली कीं पोशाख असून नसल्यासारखा.

येथें एका शास्त्रज्ञाला प्रश्नच उलटा करावा असें सुचलें. कॅलिफोर्नियांतील पदार्थशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर हे युद्धकाळांत लॉस अलामॉस येथें अणुबाँबच्या कामावर होते. पुढें ते नौदलाच्या पाणबुड्यांच्या अडचणींचा विचार करूं लागले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: ऊब टिकविण्यासाठीं कोरडें राहण्याची गरजच नाहीं. पोशाखाच्या जाडींतच वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असले, तर आंत पाणी शिरलें तरी बिघडत नाहीं. कारण ऊब रोखून धरतात ते बुडबुडे. जून १९५१ मधील त्यांच्या एका पत्रांत ही कल्पना नमूद आहे. त्यासाठीं निओप्रीन या कृत्रिम रबराचा फेंस वापरावा, ही सूचना विलर्ड बॅस्कम यांची. निओप्रीन स्वतः १९३० सालीं ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत जन्मलें होतें. वीस वर्षांनीं त्याला हें नवें काम मिळालें. बुडबुड्यांमुळें आपले पाणबुडे शत्रूच्या ध्वनियंत्राला सांपडतील अशी शंका नौदलाला आली. ब्रॅडनर यांना पेटंट मिळालें नाहीं आणि संपत्तिही नाहीं. 'वेटसूट' मात्र कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर खेळणाऱ्या तरुणांनीं आणि त्यांच्या दुकानदारांनीं जगभर नेला.

परंतु या युक्तीची एक अट होती, आणि तींतच आपल्या विषयाचें मर्म आहे. वेटसूट अंगाला घट्ट चिकटलेला हवा. सैल असला तर प्रत्येक हालचालीबरोबर आंतलें कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचें थंड पाणी आंत, असा भाता चालूं लागतो आणि सारी ऊब धुऊन जाते. म्हणून जो पोशाख घालावयास कठीण तोच चांगला. आरंभीचें उघडें निओप्रीन तर कातडीला चिकटून बसे आणि ओढतां ओढतां फाटे. लोक त्यांत शंखजिऱ्याची पूड भुरभुरवीत. पुढें त्याला आंतून नायलॉनचें अस्तर लागलें तेव्हां कोठें तें अंगावरून सरकूं लागलें. तरी रीत ठरलेलीच आहे: पोशाख अर्धा उलटा करावा, पायांत मोजा किंवा पिशवी घालून पाऊल आंत सरकवावें, नखांनीं न ओढतां बोटांच्या पेरांनीं चिमटीचिमटीनें वर घ्यावा. पोटऱ्या आणि मांड्या नीट बसल्याखेरीज धडाकडे वळूं नये. खालीं राहिलेली एक सुरकुती वर खांद्यावर ओढ घेते. शेवटीं पाठीवरची सांखळी, आणि तिला बांधलेली लांब दोरी. ती दोरी म्हणजे त्या जुन्या मदतनीसांची शेवटची खूण! तिच्यामुळें मनुष्य स्वतःची पाठ स्वतः बंद करूं शकतो.

उतरवितांना पोशाख सापाच्या कातीसारखा उलटा होत निघतो. ओला असतांना तो अधिक सुलभ सुटतो. अडला तर आंत पाणी ओतावें. मात्र मनगट आणि घोटे सोडविण्याची वेळ येते तीच मुळीं बोटें गारठून बधिर झालेलीं असतांना.

या घट्ट कपड्यानें माणसाला काय दिलें आणि त्याच्याकडून काय घेतलें, याचा सर्वांत बोलका पुरावा कोरियाच्या पाणबुड्या स्त्रियांजवळ आहे. या स्त्रिया श्वास रोखून तळाशीं जातात आणि शिंपले व समुद्रवनस्पति काढतात. जेजू बेटावरील त्यांच्या परंपरेला २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. पिढ्यान् पिढ्या त्या सुती कपड्यावर बुडत; तो बाजूला बंद बांधून घालावयाचा असल्यानें सहज चढे आणि सहज उतरे. हिवाळ्यांतील सुमारें १० अंशांच्या पाण्यांत एका खेपेस अर्धा तास राहणेंही कठीण. मग दगडी आडोशांत पेटविलेल्या शेकोटीभोंवतीं बसून अंग शेंकावें लागे. शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिलें तेव्हां आढळलें कीं, हिवाळ्यांत या स्त्रियांचीं शरीरें विश्रांतींतही इतर स्त्रियांपेक्षां सुमारें एकतृतीयांश अधिक उष्णता निर्माण करीत. थंडीनेंच त्यांच्या देहाला ती विद्या शिकविली होती. १९७० नंतरच्या दशकांत वेटसूट आला. पाण्यांतला वेळ दोन-तीन तासांवर गेला, कमाई वाढली, कुडकुडणें संपलें. आणि थोड्याच वर्षांत ती देहाची विद्याही नाहींशी झाली, असें १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें.

त्यांना कोणी दोष देऊं नये. ज्या आईला मुलांच्या पोटासाठीं गोठलेल्या पाण्याशीं झुंजावें लागे, तिनें ऊब नाकारावी असें शेकोटीपाशीं बसलेल्या आपण सांगणें बरें नव्हे. शिवाय या अंगरख्याचेंही बळ मर्यादितच आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्म्यावर येतात, आणि तोच जाड पोशाख पातळ होऊन बसतो. ज्या ठिकाणीं ऊब अधिक हवी तेथेंच ती उणी पडते. म्हणून शेकोटीच्या जागीं आतां ऊन पाण्याचीं स्नानगृहें आलीं असलीं, तरी जेजूच्या स्त्रिया आजही एकट्या समुद्रांत जात नाहींत. त्या मिळून जातात आणि परततांना एकमेकींना मोजून घेतात.