पटावरचे राजे

बिबवेवाडीस आमच्या घराच्या गच्चीवरून पर्वती दिसते. त्या गच्चीखालच्या खोलींत आमचा चौदा वर्षांचा मुलगा सुटीच्या दिवसांत संगणकापुढें बसून साम्राज्यें उभारीत असतो. 'सिव्हिलायझेशन' हें त्या खेळाचें नांव. खेळणारानें एक समाज व त्याचा एक नेता निवडावयाचा, पहिलें गांव वसवावयाचें, आणि शेती, लेखनकला, नौकानयन अशा पायऱ्या चढत सहा हजार वर्षांचा प्रवास चार दिवसांत उरकावयाचा, असें त्याचें साधारण स्वरूप आहे. एके दिवशीं खेळ अर्ध्यावर थांबवून त्यानें विचारलें, "बाबा, यांत रोमचा ट्रेजन आहे, झुलूंचा शाका आहे; मग आपले महाराज कां नाहींत?" इतिहास शिकविण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं, तरी या प्रश्नाचें उत्तर आम्हांस चटकन सुचलें नाहीं.

हा खेळ १९९१ सालीं सिड मायर व ब्रूस शेली या दोघांनीं रचला. त्या पहिल्या आवृत्तींत चौदा समाज होते. बाबिलोनियाचा हम्मुरबी, ग्रीकांचा सिकंदर, इंग्लंडची एलिझाबेथ राणी, मंगोलांचा चंगीझखान, रशियाचा स्टालिन, चीनचा माओ अशी मंडळी एकाच पटावर शेजारीं शेजारीं बसलेली होती. भारताच्या वांट्यास महात्मा गांधी आले. इतर तेरा जणांच्या हातीं कधींना कधीं राज्य होतें. गांधीजींच्या हातीं तें कधींच नव्हतें. पुणेकरांस तर ते बंदिवान म्हणूनच अधिक ठाऊक: १९३२ च्या सप्टेंबरांतील येरवड्याच्या तुरुंगांतलें उपोषण व त्यांतून निघालेला पुणे करार, आणि पुढें १९४२ ते १९४४ पर्यंतची आगाखान महालांतील स्थानबद्धता, जेथें कस्तुरबांनीं देह ठेविला. अशा पुरुषाच्या नांवें फौजा हलवावयाच्या, हा या खेळांतील पहिला विनोद.

दुसरा विनोद अधिक शिकण्यासारखा आहे. पहिल्या आवृत्तींत प्रत्येक नेत्याची आक्रमकता एका अंकानें मोजलेली होती. गांधींचा अंक शून्याखालीं गेल्यामुळें यंत्राच्या हिशेबांत तो एकदम २५५ झाला, आणि गांधी अणुबाँब टाकूं लागले, अशी कथा खेळाडूंत वर्षानुवर्षें सांगितली जात होती. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत मायर यांनीं अशी चूक मुळांत नव्हतीच असें स्पष्ट लिहिलें. कथा मात्र थांबली नाहीं. जी गोष्ट घडली असती तर मौज वाटली असती, ती घडलीच असें मानण्यास ऐकणारा पुरावा मागत नाहीं. बखरी वाचणारांस हा अनुभव नवा नाहीं.

पुढील आवृत्त्यांतून नेत्यांची निवड अधिक विचारानें होऊं लागली. २००५ च्या चौथ्या आवृत्तींत गांधींच्या जोडीस सम्राट् अशोक आला. सहाव्या आवृत्तीस २०१८ मध्यें जोडलेल्या पुरवणींत चंद्रगुप्त मौर्य आला. २०२५ च्या सातव्या आवृत्तींत तर नेता आणि समाज यांची गांठच सोडली आहे. तेथें भारत एक नसून प्राचीन काळीं मौर्य, मध्यकाळीं चोल व अर्वाचीन काळीं मोगल असा विभागलेला आहे, आणि कोणताहि नेता कोणत्याहि समाजाचा धुरीण होऊं शकतो. मॅकिआव्हेली, इब्न बतूता यांसारखे सिंहासनावर कधीं न बसलेले पुरुषहि यादींत आहेत. अशोकानें मोगलांचें राज्य चालवावें हें वाचून आमच्या पिढीचा वाचक हंसेल. परंतु अडीच हजार वर्षें एकाच चेहऱ्यांत कोंबण्याचा जुना प्रकार याहून कमी हास्यास्पद होता काय?

अशा यादींत स्थान मिळणें हाच सन्मान, असें मात्र सर्वांस वाटत नाहीं. १६८० सालीं स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणारा पुएब्लो लोकांचा पोपे हा पांचव्या आवृत्तीच्या २०१३ च्या पुरवणीसाठीं योजिला होता; पुएब्लो लोकांच्या प्रतिनिधींनीं हरकत घेतली, म्हणून तो वगळण्यांत आला. २०१८ मध्यें कॅनडांतील क्री लोकांचा पाउंडमेकर हा पुढारी खेळांत आला, तेव्हां क्री समाजांतीलच एका पुढाऱ्यानें जाहीर तक्रार केली, कीं ज्या खेळांत दुसऱ्याची भूमि घेणें म्हणजेच जिंकणें, तो खेळ आमच्या लोकांच्या जीवनदृष्टीच्या अगदीं उलट आहे. या पाउंडमेकरास १८८५ मध्यें राजद्रोहाची शिक्षा झाली होती. कॅनडाच्या सरकारनें त्यास निर्दोष ठरविलें तें २०१९ मध्यें. म्हणजे खेळांत तो राजा झाला, तेव्हां सरकारदप्तरीं अद्यापि तो अपराधीच होता.

निरनिराळ्या देशींचे राजे एका खेळांत बसविण्याची कल्पना नवी नाहीं, आणि परकीयहि नाहीं. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या जुन्या गंजिफांचें वर्णन दिलें. त्यांत प्रत्येक रंगाचा एक अधिपति आहे. घोडदळाचा स्वामी तो अश्वपति, दिल्लीच्या बादशहासारखा. हत्तींच्या बळावरचा गजपति, ओडिशाच्या राजासारखा. पायदळाच्या बळावरचा नरपति, विजापूरच्या सुलतानासारखा. त्यापुढें धनपति, नौकांचा स्वामी, देवांचा स्वामी अशी रांग लागते. एका रंगावर सिंहासनस्थ राणी आहे आणि असुरांच्या रंगावर दाऊदाचा पुत्र सुलेमान आहे. त्याच रांगेंत गडपतिहि आहे. गडपति म्हणजे काय, हें पुढें महाराष्ट्रानें अकबराच्या पणतूस चांगलें समजावून दिलें. या मांडणींत बहुतेक राजांस नांव नाहीं. त्याचें बळ कशांत आहे, एवढेंच पान सांगतें. आजच्या खेळांत नांव व चेहरा आधीं, आणि बळ त्या चेहऱ्यास मागाहून चिकटविलेलें.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळतों. मराठे कोणत्याच खेळांत नाहींत असें नाहीं. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर' या युद्धखेळांत इंग्लंड, फ्रान्स, रशिया यांच्या बरोबरीनें मराठ्यांचा राज्यसंघ खेळावयास मिळतो. खेळाचा आरंभ १७०० सालीं होतो. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत छत्रपति राजाराम सिंहगडावर निवर्तले, आणि अवघ्या पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनीं लहानग्या पुत्राच्या नांवें औरंगजेबाशीं झुंज चालू ठेविली. १७०७ मध्यें शाहू सुटून आल्यावर गादीस दोन हक्कदार झाले. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, आणि पुढें सत्तेचें केंद्र हळूहळू साताऱ्याहून पुण्यास सरकलें. १७६१ च्या जानेवारींत पानिपत झालें, आणि जूनमध्यें नानासाहेब पेशव्यांनीं त्या समोरच्या पर्वतीवर प्राण सोडला. १८०२ च्या ऑक्टोबरांत येथून फार दूर नसलेल्या हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजांस धूळ चारली. बाजीराव पळाले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्यांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला. या शतकाला एकच चेहरा द्यावयाचा, तर कोणाचा द्यावा? छत्रपतींचा, पेशव्यांचा, कीं त्यांच्यावर चालून आलेल्या त्यांच्याच सरदाराचा?

यावर 'महाराजांचा' हें उत्तर मुलानें आधींच दिलें आहे, आणि आमच्याहि मनांत तेंच आहे. परंतु खेळांतला नेता म्हणजे काय, तें नीट पाहिलें पाहिजे. यंत्र त्याच्याकडून केलेले करार मोडवितें, निष्कारण शेजाऱ्यावर चाल करवितें. ब्राझीलमधला एखादा पोरगा दुपारच्या फुरसतींत त्याची राजधानी घेतो, आणि नेता दोन वाक्यें बोलून पटावरून नाहींसा होतो. गांधींच्या वांट्यास हें सर्व आलें, आणि आम्ही त्यास विनोद म्हटलें. महाराजांच्या बाबतींत आम्ही हंसूं काय? आमच्यानें 'होय' म्हणवत नाहीं. मग क्री लोकांस हळवें म्हणण्याचा अधिकारहि आम्हांस उरत नाहीं, आणि गांधींच्या विनोदास हंसलों त्याचाहि पुन्हा विचार करावा लागतो.

तरी मुलाची तक्रार खोटी नव्हे. शाकाचें नांव त्यानें आमच्या पुस्तकांतून नव्हे, तर या खेळांतच प्रथम ऐकलें. जगांत असेंच शिकणारीं मुलें पुष्कळ असतील, आणि जो पटावर नाहीं तो त्यांच्या लेखीं इतिहासांतहि नाहीं. म्हणून आमचा कौल असा, कीं मराठ्यांस पटावर आणावयाचें तर एक चेहरा देऊं नये. शिवछत्रपति असावेत, त्यांच्या शेजारीं ताराबाई असाव्यात, महादजी शिंदे असावेत. आणि त्यांचें बळ गडांत होतें, घोड्याच्या चालींत होतें, कीं चौथाईच्या हिशेबांत होतें, हें अबुल फजलाच्या पानांप्रमाणें खेळणारास आधीं कळावें.

हें सर्व मुलास सांगून झाल्यावर आम्हीं कपाटांतून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची पेटी काढली. ही कला मरणपंथास लागली असतां शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं तेथील राजवाड्यांत तिला पुन्हा आश्रय दिला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व दहा पानें, मिळून एकशें वीस. पानें वांटून झाल्यावर आम्हीं त्यास नियम सांगितला: दिवसा खेळावयाचें तर ज्याच्या हातीं राम त्यानें आरंभ करावयाचा, रात्रीं खेळावयाचें तर ज्याच्या हातीं कृष्ण त्यानें.

त्यानें खिडकीबाहेर पाहिलें. पर्वतीवर संधिप्रकाश होता. "बाबा," तो म्हणाला, "आतां दिवस कीं रात्र, हें कोणी ठरवावयाचें?"

राम त्याच्या हातीं होता आणि कृष्ण आमच्या. १७०७ सालीं शाहू आणि ताराबाई यांच्यांतील वाद याहून फार निराळा नव्हता, असें आम्हीं त्यास सांगितलें, आणि दिवा लावावयास उठलों.