उंबरठ्याबाहेरचा वारस

आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांच्या तिकीटखिडकीवर दरांचा फलक असतो आणि त्याच्या तळाशी ‘सवलत’ हा शब्द असतो. विद्यार्थ्यांना सवलत, ज्येष्ठांना सवलत, अपंगांना सवलत. कुठे तर पूर्ण माफी. शब्द मूळचा अरबी. ‘सुहूलत’ म्हणजे सोपेपणा, सुकरता. हिंदी-उर्दूत त्याचं ‘सहूलत’, ‘सहूलियत’ झालं आणि तिथे जुना अर्थ बराचसा टिकला. मराठीत मधला ‘ह’ गळला, ‘व’ आला, आणि बोलता बोलता अर्थही आकसला. आज सवलत म्हटलं की मनात येते ती किमतीतली घट. व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला तिकीट निम्म्या दरात मिळतं, पण तिकिटानंतरच्या चार पायऱ्या तशाच उभ्या असतात. आजच्या अर्थाची सवलत त्याच्या हातात पडते, मूळ अर्थाची नाही. मला या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच दिसतं: सोपेपणा द्यायचा होता, आपण पैसे कमी केले.

त्याच फलकाच्या वर मोठ्या अक्षरांत ‘आपला वारसा’ असं लिहिलेलं असतं. ‘वारस’ हाही अरबीतून आलेला. वारसाहक्क, वारसदार, बेवारशी, अशी त्याची मोठी प्रजा मराठीत नांदते आहे. हा शब्द आपण शतकानुशतकं जमीन, घर, वतन यांच्यासंदर्भात वापरला. मूर्ती, नाणी, वाडे, लेणी यांना तो लावू लागलो ते पुष्कळ अलीकडे. पण लावला की त्याचे नियमही पाळावे लागतात. वारस हा पाहुणा नसतो. त्याचा वाटा कुणाच्या मर्जीनं ठरत नाही, आणि त्याला चालता येतं का, दिसतं का, ऐकू येतं का, यावरून तो कमीजास्त होत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त माणसांची अपंग म्हणून नोंद झाली. गावच्या संग्रहालयातल्या मूर्तीचे आणि ताम्रपटाचे हे सगळे वारस आहेत. त्यांतल्या कितीजणांना आपल्या वाट्याच्या वस्तूपर्यंत पोचता येतं, हा प्रश्न उपकाराचा नाही, वाटणीचा आहे.

आता त्या दारापाशी जाऊ. आपली कितीतरी स्थानिक संग्रहालयं जुन्या वाड्यांत आहेत, आणि वाड्याचा पहिला शब्द उंबरठा. संस्कृतात ‘उदुंबर’ म्हणजे उंबराचं झाड आणि दाराच्या चौकटीचं खालचं लाकूडही. उंबराचं लाकूड ओलीत टिकतं, म्हणून चौकटीच्या तळाला ते घालत आणि त्यावरून नाव पडलं, असं सांगतात. मराठीत या शब्दाला जे वैभव मिळालं ते विलक्षण आहे. आपण गाव मोजतो तेही उंबऱ्यांनी: शंभर उंबऱ्यांचं गाव, म्हणजे शंभर घरांचं. नवी सून माप ओलांडते ते उंबऱ्यावर. नरसिंहानं हिरण्यकशिपूला मारलं ते ना घरात ना बाहेर, उंबऱ्यावर. काम होत नसेल तर आपण कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. घराची सीमा, घराची इज्जत आणि घराची गणती, सगळं या आडव्या लाकडात आलं. त्यामुळे ‘उंबरठा काढा’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला घर मोडल्यासारखं वाटतं, आणि ते मी समजू शकतो.

पण काढायला कुणी सांगतच नाही. साधा हिशेब आहे. व्हीलचेअरसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा धरतात. एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फुटांचा उतार पुरतो. तो सुटा, लाकडाचा किंवा पत्र्याचा, हवा तेव्हा घालायचा आणि हवा तेव्हा उचलायचा करता येतो. चौकटीला एक खिळाही लागत नाही. अडचण येते ती वाड्यासमोरची गल्लीच सहा फुटांची असते तेव्हा. तिथे मात्र डोकं लावावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तर वाड्यातच असतं.

मोठ्या वाड्यांच्या भव्य दरवाजाच्या एका फळीत एक छोटं दार असतं. त्याला दिंडी म्हणतात, दिंडी दरवाजा. माणसानं वाकून, पाय उंच उचलून एकेकट्यानंच आत यावं, अशी त्याची रचना. कारण संरक्षणाचं होतं: वाकलेल्या माणसाला चटकन तलवार उपसता येत नाही. उलट पूर्ण दरवाजा उघडला की मधून घोडा जाई, मेणा जाई. ‘मेणा’ हा फारसी ‘मियाना’वरून आलेला. ज्यांना चालायचं नसे किंवा चालणं शोभणारं नसे ती माणसं त्यात बसून आत येत, आणि त्यांच्यासाठी वाट रुंद नि सपाट ठेवलेली असे. आज पुष्कळ ठिकाणी सोयीसाठी मोठा दरवाजा बंद आणि दिंडी तेवढी उघडी असते. शत्रूला अडवायला केलेल्या दारातून आपण प्रेक्षक आत घेतो. मोठी दारं सताड उघडली तर कितीतरी वाड्यांमध्ये पहिला अडथळा तिथेच संपेल.

दुसरा अडथळा जिन्याचा. ‘जिना’ फारसी ‘झीना’, आणि तो जिथे नेतो ती ‘माडी’ तमिळ-कन्नडातही माडीच आहे. फारसीच्या पाठीवरून द्राविडीकडे चढायची आपली रीत. वाड्यांतले जिने अरुंद, अंधारे, भिंतीच्या जाडीत कोंबलेले, हाताला धरायला वरून सोडलेला दोर. तिथे लिफ्ट बसवायची तर भिंत फोडावी लागेल, आणि ती फोडू नये असंच मला वाटतं. मग माडीवरचं खाली आणावं. दागिने, पोथ्या, गंजिफा, नाणी यांना माडीच हवी असा काही नियम नाही. ‘दालन’ हाही फारसीच शब्द. चौकाभोवतालच्या खालच्या दालनांत निवडक उत्तम वस्तू मांडल्या आणि माडीवरच्या लाकडी छताचं, भिंतीवरच्या चित्रांचं चित्रीकरण तिथेच पडद्यावर दाखवलं, तर वाडाही शाबूत राहतो आणि माणूसही.

‘पायरी’ हा शब्द मला जास्त अस्वस्थ करतो. तो ‘पाया’शी जोडलेला आहे हे उघड दिसतं, पण मराठीनं त्याला दर्जाचा अर्थ दिला. पायरी ओळखून वागावं, पायरी सोडू नये. पंढरपूरला महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. एकानं संतांच्या चरणांची धूळ लागावी म्हणून पायरी मागून घेतली अशी श्रद्धा आहे. दुसऱ्याला जन्मभर पायरीपुढे जाऊ दिलं नाही. त्याच मंदिराचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. जातीची पायरी आणि दगडाची पायरी एक नव्हेत, हे मला कळतं. एक अडवते ती द्वेषानं, दुसरी विसराळूपणानं. पण खाली थांबलेल्याला वरची माणसं सारखीच दिसतात.

आणि दुर्ग? इथे भाषा अगदी सरळ बोलते. ‘दुर्’ म्हणजे कठीण आणि ‘ग’ हा गम् धातूतून, जाणे. जिथे जाणं कठीण तो दुर्ग. दुर्गमता हा त्याचा गुण होता, तोच त्याचा उद्देश होता. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं रायगड, शिवनेरी, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. म्हणजे जिथे कुणी पोचू नये म्हणून बांधला तो आता जगानं पाहावा म्हणून जपायचा आहे. याच गम् धातूतून ‘सुगम’ येतो, आणि 3 डिसेंबर 2015 ला सुरू झालेल्या सरकारी मोहिमेच्या नावात ‘सुगम्य’ आला. साल्हेरचा कडा सुगम्य करा असं कुणीही शहाणा अपंग माणूस म्हणणार नाही. रायगडाला रज्जुमार्ग आहे. इतरत्र पायथ्याशी गडाची चांगली प्रतिकृती, नकाशा, चित्रफीत ठेवता येते. डोलीचा पर्याय अजिंठ्याला, घारापुरीला आहे आणि ज्याला तो चालतो त्यानं जरूर घ्यावा. तरी चार माणसांनी उचलून नेणं आणि आपलं आपण जाणं यांत अंतर आहे. पूर्वी मेण्यात बसणारा भोयांना हुकूम देई. आज डोलीत बसणाऱ्यानं आभारच मानत राहावेत अशी अपेक्षा असते.

2001 च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनारसारख्या स्मारकांत त्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी तात्पुरते लाकडी उतार टाकले गेले. दगडाला धक्का न लावता हे होतं, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. पुढे 2016 चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याच्या 29 व्या कलमात कला सर्वांपर्यंत पोचवण्याबरोबरच अपंगांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारण्याचीही तरतूद आहे. नियमांमध्ये मात्र सुगम्यतेच्या मानकांना शिफारशीचं रूप आलं होतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला आणि किमान मानकं सक्तीची करायला सांगितलं. ‘शिफारस’ आणि ‘सक्ती’ दोन्ही फारसीतून आलेले शब्द. सक्तीतला ‘सख़्त’ म्हणजे कठीण, घट्ट. माणसाच्या हक्काचं जे असतं ते घट्टच असायला हवं.

पाय आणि चाकं एवढ्यावर हा विषय संपत नाही. संग्रहालयात येणाऱ्याला आपण ‘प्रेक्षक’ म्हणतो. ईक्ष् म्हणजे पाहणे. प्रदर्शन, प्रेक्षणीय, दर्शनी, सगळे डोळ्याचे शब्द. पण ‘संग्रहालय’ या नावात डोळा नाहीच, हात आहे. ग्रह् म्हणजे धरणे. ग्राहक, ग्रहण, आग्रह त्याच घरातले. हातांनी धरून एकत्र केलेल्या वस्तूंच्या घरात पहिली पाटी लागते ती ‘हात लावू नये’. या पाटीला कारण आहे. तळव्याच्या घामातले क्षार धातूला आणि कापडाला खातात. हजारो हातांनी पितळही झिजतं. पण वस्तू कोणत्या आहेत तेही पाहावं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची कीर्ती अडकित्ते, वज्री, दिवे अशा रोजच्या वापरातल्या चिजांमुळे झाली. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहीत आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. ‘अडकित्ता’ कन्नडातून आलेला, ‘अडके’ म्हणजे सुपारी आणि ‘कत्ति’ म्हणजे सुरी. तो मुठीत धरायला, दाबायला घडवलेला आहे. वज्री टाचेवर घासायला. अंध माणसाला अडकित्ता काचेमागे आहे असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याच्या मुठीत प्रतिकृती दिली तर मोराच्या आकाराची पकड, पात्याचा बाक, दोन भागांमधली खीळ, सगळं डोळसाच्या आधी त्याला उमगेल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं 2015 मध्ये अशा स्पर्शायोग्य प्रतिकृतींचं ‘अनुभव’ दालन उघडलं. ‘हाताळणं’ हा किती चांगला शब्द आपल्याकडे आहे! प्रत्येक तालुक्याच्या संग्रहालयात हाताळायच्या दहा वस्तूंचं एक टेबल असावं, शेजारी ब्रेलमधली माहिती असावी. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल 1951 पासून आहे, तेव्हा मराठी लिपीचं निमित्त पुढे करता येणार नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं त्यांना म्हणायचं काय? आंधळा, पांगळा, मुका हे शब्द म्हणींनी आणि शिव्यांनी इतके मळवले की ते माणसाला लावणं नको वाटतं. ‘पांगळा’ संस्कृत ‘पंगु’वरून. ‘विकल’मध्ये ‘कला’ म्हणजे अंश. अंश उणा तो विकल. संस्कृत ‘अपांग’चे दोन अर्थ आहेत, अवयव नसलेला आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा. 2015 च्या शेवटी पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ सुचवला आणि तो सरकारी कागदावर रुळला. अनेक अपंग संघटनांनी त्याला हरकत घेतली, आणि मला त्यांचं पटतं. अवयवात दैवी काही आहे असं म्हटल्यानं पायरी उतरती होत नाही. समोरची व्यक्ती स्वतःला जे म्हणते ते म्हणावं. आणि संग्रहालयाच्या पाटीवर माणसाचं वर्णन करण्याऐवजी वाटेचं करावं: ‘बिनपायऱ्यांची वाट’. ती वाट म्हातारी आजी घेईल, बाबागाडी ढकलणारा बाप घेईल, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला कॉलेजचा मुलगाही घेईल. ‘रॅम्प’ लिहिलं तरी चालेल, तो शब्द आता मराठीच आहे. फक्त बाण मागच्या कोठीकडे न जाता दर्शनी दाराकडे जावा.

एक काम मात्र अजून सुरूच झालेलं दिसत नाही. कर्णबधिरांच्या भाषेला आपण ‘सांकेतिक भाषा’ म्हणतो, त्यात गुप्त लिपीचा वास येतो. मला ‘खुणांची भाषा’ बरी वाटते, कारण खूण पटण्यासाठी असते. भारतीय खुणांच्या भाषेच्या राष्ट्रीय कोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द आले. पण वज्री, मेणा, दिंडी दरवाजा, गंजिफा यांच्या खुणा त्या भाषेत घडवायच्या तर वस्तू समोर हवी, आणि घडवणारे कर्णबधिरच हवेत. ऐकणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या खुणा टिकत नाहीत. जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेतून शिकून गेलेल्या तरुण मुलामुलींना संग्रहालयानं मानधन देऊन बोलवावं, एकेक वस्तू हातात द्यावी, त्यांनी आपसांत वाद घालून खूण ठरवावी आणि ती त्यांच्याच हातांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवावी. मेण्यासाठी भोयांचे खांदे दाखवायचे की आत बसलेल्या बाईचा पडदा, हे त्यांनाच ठरवू द्यावं.