पालकांस कळविण्यात येते की

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान ठेवणारी तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरातील मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, दापोडी या वाटेने पुण्याकडे निघते, त्या दिवशी मुंबई-पुणे रस्त्याच्या दुतर्फा वसलेल्या वस्त्यांचे सारे व्यवहार पालखीच्या चालीने चालतात. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सुरू केलेला हा सोहळा आणि जूनच्या मध्यास उघडणारी आपली शाळा यांची गाठ जेथे वर्षारंभीच पडते, अशा वस्त्यांपैकी संत तुकारामनगर ही एक होय. म्हणूनच, रस्ता बंद राहणार असल्याने शाळेच्या वेळेत फेरफार केला आहे, मुलांच्या दिंडीसाठी पांढरा सदरा व टोपी, मुलींसाठी नऊवारी आणि असल्यास तुळशीची कुंडी पाठवावी, अशा आशयाची चिठ्ठी ही येथील पालकांच्या हाती नव्या वर्षात पडणाऱ्या पहिल्या चिठ्ठ्यांपैकी असते. चार ओळींचा हा मजकूर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो आणि त्यामुळेच त्याचा इतिहास लिहिण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शाळेने घराशी काय बोलावे, कोणत्या सुरात बोलावे आणि घराने त्यावर काय उत्तर द्यावे, हा आपल्या समाजाच्या घडणीतला फार मोठा प्रश्न त्या चार ओळींत साठलेला आहे, असे माझे मत आहे.

पंतोजींच्या काळी अशा चिठ्ठीचे प्रयोजनच नव्हते. शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात भरे. पंतोजींचा शिधा ज्या घरांतून येई त्याच घरांतील मुले त्यांच्यापुढे धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. आणि मूल काय शिकले हे सांजवेळी त्याच्या तोंडची उजळणी व पाढे ऐकून घरातील आजीलाही उमजे. मूल आले नाही, तर वर्गातील दोन दांडगे विद्यार्थी पाठवून त्याला उचलून आणण्याची रीत होती, आणि शाळेकडून घरी जाणारा निरोप तो एवढाच. या व्यवस्थेची थोरवी गाण्याचे कारण नाही, कारण तिचे दार गावातील बहुतेक मुलांना आणि जवळजवळ सर्वच मुलींना बंद होते. पण जी घरे आत होती त्यांना शाळा परकी नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

१८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले, तेव्हापासून शाळेचे तोंड कचेरीकडे वळले. हजेरीपट, दाखलखारीज, तपासणीस आलेल्या अंमलदाराचे शेरेबुक ही सारी कागदपत्रे खालून वर जाण्यासाठी होती. मुलाची प्रगती डेप्युटीसाहेबांस कळे, बापास कळण्याची तरतूद कोठेच नव्हती. याला एक तेजस्वी अपवाद त्यापूर्वीच घडून गेला होता आणि तो पुण्यातच. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळांची १८५२ साली जाहीर परीक्षा झाली आणि शूद्रातिशूद्रांच्या व स्त्रियांच्या शिक्षणाची टवाळी करणाऱ्या शहरासमोर त्या मुलींनी उत्तरे दिली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु माझ्या दृष्टीने त्या सत्काराहून जाहीर परीक्षेचे मोल अधिक आहे. शाळेत काय चालते ते उघड्यावर, ज्यांची मुले आहेत त्यांच्या आणि ज्यांचा विरोध आहे त्यांच्याही डोळ्यांपुढे मांडावे, हा विचार त्या परीक्षेने आपल्याकडे रुजविला. आज वार्षिक समारंभाची जी निमंत्रणपत्रिका घरी येते तिचे मूळ शोधू गेल्यास मला तरी ते तेथे सापडते.

पुढे शाळेने घराशी बोलावयास आरंभ केला तो मात्र दंडाच्या भाषेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यात मूल न पाठविणाऱ्या पालकाकडून दंड वसूल करण्याची व्यवस्था होती. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तरीही १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात तोच कायदा अंमलात आणून मूल घरी ठेवणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठरविला. शेतमजुराला एक रुपया म्हणजे काय होते, याची कल्पना महाराजांना होती आणि म्हणूनच तो आकडा त्यांनी निवडला असावा. शाळेच्या नावाने दारात आलेला पहिला सरकारी कागद असंख्य कुटुंबांनी पाहिला तो हा असा, ताकिदीचा. त्याला कठोर म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरांना हजारो वर्षे कोणीच शाळेत बोलावले नव्हते, त्यांना 'तुमचे मूल आलेच पाहिजे' असे प्रथमच बजावणारा तो कागद मला निमंत्रणाइतकाच आदराचा वाटतो.

ताकिदीनंतर संवाद यावयास आणखी काही वर्षे जावी लागली. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहिलेले 'छात्रालय' दैनिक रोज सकाळी लावीत, आणि त्यात वसतिगृहाच्या वार्तेबरोबर जगाची वार्ताही असे; पण ते वृत्तपत्र मुलांचे होते. पालकांना उद्देशून सातत्याने लिहिले ते ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंनी मराठीतून 'शिक्षणपत्रिका' चालविली, आणि मूल का रडते, का खोटे बोलते, त्याला मारल्याने काय बिघडते, हे आईबापांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा परिपाठ घालून दिला. १९४५ साली बोर्डीस व १९५७ नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह त्या गेल्या, तेव्हा तर ज्यांना वाचता येत नव्हते अशा आदिवासी पालकांकडे कागद न पाठविता शाळाच पाड्यावर नेऊन त्यांनी अंगणात भरविली.

येथवरचा इतिहास पुण्याचा, बडोद्याचा, कोल्हापूरचा झाला. पिंपरीचा याच्या पुढे सुरू होतो, कारण आज जेथे संत तुकारामनगर आहे तो प्रदेश तोवर शेतशिवार होता. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीस आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन कारखान्यांना जमिनी मिळू लागल्या, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. एका पिढीच्या आत सातारा-सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ येथील माणसे, त्यांतही १९७२च्या दुष्काळाने उखडलेली अनेक कुटुंबे, येथे कामाला आली. गृहनिर्माण मंडळाच्या इमारती उभ्या राहिल्या, शेजारी वल्लभनगरचे एस.टी. आगार, पलीकडे नेहरूनगर आणि पुढे यशवंतराव चव्हाणांच्या स्मृत्यर्थ बांधलेले महापालिकेचे रुग्णालय. या माणसांनी गावाहून आणलेल्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी एक कागद जपून ठेवलेला असे: शाळा सोडल्याचा दाखला. त्यावरील जन्मतारीख कित्येकांची १ जूनच असे, कारण बापास तिथीखेरीज काही आठवत नसे आणि हेडमास्तर शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालून मोकळे होत. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली आणि त्याच तारखेवर निवृत्तीही झाली.

अशा पालकांच्या मुलांसाठी शाळेतून घरी जाणारा सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता, असे कोणी विचारले तर त्या काळचा शिक्षक क्षणाचाही विलंब न लावता 'ई.बी.सी.चा फॉर्म' असे सांगेल. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९-६०च्या सुमारास, ज्यांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे अशा पालकांच्या मुलांस फी माफ करण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतर प्रतिवर्षी जूनमध्ये तो अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि पालकाची सही यांसाठी वर्गशिक्षक मुलांच्या पाठीस लागत. सहीच्या जागी अंगठा उमटविणारे बाप होते, आणि मुलाने गिरवून दिलेल्या अक्षरांवरून आपले नाव लिहावयास शिकून पुढल्या वर्षी सही करणारेही होते. ही सही हे शाळेला घराने दिलेले पहिले लेखी उत्तर होय.

रोजच्या सूचनांची रीत त्या काळी अशी होती. मुख्याध्यापक सूचनावहीत मजकूर लिहीत. शिपाई ती वही वर्गावर्गांतून फिरवी. शिक्षक वाचून दाखवून समासात सही करीत आणि मुले तो मजकूर कच्च्या वहीत उतरवून घरी नेत. या प्रवासात मजकुराचे काय होत असेल ते सांगावयास नको. परंतु पिंपरीत त्याहून मोठी अडचण निराळीच होती. वीज वाटून घेण्याच्या सोयीसाठी येथील औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुटी गुरुवारी ठरलेली, आणि शाळेची सुटी रविवारी. शिवाय बाप आठवड्यागणिक पहिल्या, दुसऱ्या अथवा रात्रीच्या पाळीला. शनिवारी सकाळी पालकसभा ठेवली तर रात्रपाळी करून आलेला फिटर झोपेत आणि पहिल्या पाळीचा यंत्रापाशी उभा. पालकांना आस्था नाही, असा जो ठपका कामगारवस्त्यांवर वर्षानुवर्षे ठेवण्यात आला त्याच्या मुळाशी आस्थेपेक्षा पाळीचे वेळापत्रकच अधिक होते, हे मी निःशंकपणे म्हणतो. सभेला येत त्या आया. प्रगतिपुस्तकावर नाव बापाचे, सही बापाची, आणि बाकावर बसून मास्तरांचे ऐकून घेणारी मात्र आई, हा प्रकार दोन पिढ्या चालला. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने त्या वर्षी घेतला. तो योग्यच, पण फार उशिरा आलेला आहे.

सूचनांपैकी एक मात्र पाळी बदलून, रजा टाकून, साऱ्या घराने पाळली, ती स्नेहसंमेलनाची. पुण्याच्या कॉलेजांतून शाळांत उतरलेले हे गॅदरिंग कामगारांच्या वस्तीत वर्षाचा सण होऊन बसले. संत तुकारामनगरास याविषयी विशेष भाग्य लाभले असे मी समजतो, कारण महापालिकेने बांधलेले आचार्य अत्रे रंगमंदिर याच वस्तीत आहे, आणि ज्यांचे नाव त्यास दिले ते अत्रे मुळात शिक्षक होते. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी भूषविले, लंडनला जाऊन अध्यापनशास्त्राची पदविका मिळविली, 'नवयुग वाचनमाला' काढली आणि नाटककार म्हणून गाजण्यापूर्वी शाळेच्या मुलांसाठी नाटके लिहिली. शाळेच्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुलाला पाहून त्याच्या आईबापांना जे वाटते त्याची किंमत या मनुष्याला ठाऊक होती. दिवसभर लोखंड कापणारा बाप त्या रंगमंदिराच्या खुर्चीत बसून आपल्या मुलीला शिवकालीन पोवाड्यावर हात उंचावताना पाहतो, तेव्हा शाळा त्याच्याशी जे बोलते ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिता येण्यासारखे नाही. भाड्याने आणलेल्या पोशाखांचा खर्च अलीकडे फार वाढला आहे आणि तो भरता न आल्यामुळे एखादे मूल पडद्यामागे राहते, हे मात्र जाता जाता सांगितलेच पाहिजे.

कायद्याने पालकास शाळेत स्थान दिले ते अगदी अलीकडे. २००९चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती त्यांस कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नमूद केले. खाजगी शाळांच्या फीसंबंधी २०११च्या राज्य अधिनियमाने पालक-शिक्षक संघास बोलण्याचा अधिकार दिला. ज्या कागदाने शंभर वर्षांपूर्वी दंड सांगितला त्याच कागदाने आता पालकास सभेची नोटीस देऊन मत विचारावयाचे, असा हा पालट आहे; तो सभागृहात किती उतरला, हे प्रत्येक शाळेच्या इतिवृत्तावरून कळेल.

२०२० सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सूचनावही एका दिवसात मोबाइलमध्ये गेली. शाळा बंद, पण शिक्षण सुरू, असे सांगण्यात आले. परंतु घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर कारखान्यात जाणारा, अशा कुटुंबात धाकट्याचा गृहपाठ रात्री त्यांच्या परतण्यावर अवलंबून राहिला. साथ ओसरली, शाळा उघडल्या, पण वही परत आली नाही. आता सूचना तत्काळ पोहोचते, आईबापांस एकाच वेळी पोहोचते, यात लाभ नि:संशय आहे. मात्र ती कोठे साठून राहत नाही.

म्हणून या वस्तीतील वाचकांना माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुनी प्रगतिपुस्तके, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, ई.बी.सी.च्या पावत्या, कच्च्या वहीत उतरविलेल्या सूचना शिल्लक असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता शाळेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात; आणि मुख्याध्यापकांनी जुन्या सूचनावह्या व शेरेबुके निर्लेखित करण्यापूर्वी त्यांची एक प्रत काढून ठेवावी. पिंपरीच्या कारखान्यांचा इतिहास त्यांच्या मालकांनी लिहवून घेतला आहे. कामगारांच्या मुलांच्या शाळेचा इतिहास या कागदांखेरीज दुसरीकडे मिळणार नाही.