परवान्याची खोली

नागपुरात दोन मित्रांनी "संध्याकाळी बसू" असं ठरवलं, की पुढचं काही सांगावं लागत नाही. धरमपेठ असो, सदर असो, सीताबर्डी असो की वर्धा रोड, पाटी एकच असते: 'रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. आत मंद दिवे, रेक्झिनचे सोफे, फुटाण्यांची वाटी, मसाला पापड. कोणाची बदली झाली म्हणून, कोणाला मुलगी झाली म्हणून, तर कधी नुसतं फार दिवसांत भेटलो नाही म्हणून माणसं इथे येतात. कसलं परमिट, कोणाच्या नावाचं, याचा विचार सहसा कोणी करत नाही. या खोलीची कुळकथा मला महत्त्वाची वाटते, कारण ती मैत्रीसाठी बांधलेलीच नव्हती. ती बांधली होती आजाऱ्यांसाठी आणि परक्यांसाठी.

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग 1 ऑगस्ट 1939 रोजी सुरू झाला. काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळातले आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर त्याचे पुरस्कर्ते होते. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विस्कटला. स्वातंत्र्यानंतर मात्र तयारी पक्की होती. 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि दारूबंदी हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता.

या कायद्याची मांडणी समजून घेतल्याशिवाय परमिट रूम समजत नाही. दारू बाळगणं, विकणं, विकत घेणं, पिणं, सगळंच गुन्हा. पुढे जे काही शक्य होईल ते केवळ अपवाद म्हणून. अपवाद कोणाला? दारू सोडल्याने ज्यांच्या प्रकृतीवर गंभीर परिणाम होईल त्यांना. परदेशी वकिलातींतल्या लोकांना, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आणि पर्यटकांना. अशा प्रत्येकाच्या हाती सरकारी परमिट हवं. मग परमिटवाला परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला, तर त्याने प्यायचं कुठे? कायद्याच्या 35 व्या कलमात त्याची सोय होती: परमिटधारकांची पुरेशी वर्दळ असणाऱ्या हॉटेलांना विक्रीचा परवाना मिळेल, पण आम जनतेचा वावर असलेल्या दालनात पिता येणार नाही. म्हणजे हॉटेलात एक वेगळी खोली हवी, जिथे फक्त परमिटवाले बसतील आणि रस्त्यावरच्या माणसाची नजर पोचणार नाही. आज नागपूरच्या बारला जे पडदे आणि काळ्या काचा दिसतात, त्यांचं मूळ मला या विचारात दिसतं. पिणारा माणूस झाकून ठेवायचा, हा तो विचार.

त्या काळच्या कायद्याचा आवाका केवढा होता हे बलसारा खटल्यावरून कळतं. फ्राम नसरवानजी बलसारा या पारशी गृहस्थांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांची मागणी तर होतीच. अल्कोहोल असलेली औषधं आणि यु-दि-कोलोनसारखी प्रसाधनंही आपल्याला बाळगता यावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 25 मे 1951 रोजी निकाल दिला. कायद्याचा मुख्य गाभा टिकला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांना आणि प्रसाधनांना तो लावता येणार नाही असं ठरलं. आणखी एक गोष्ट न्यायालयाने रद्द केली, आणि लिहिणाऱ्या माणसाने ती विसरू नये: मद्याची वाखाणणी करणं हाही तोवर गुन्हा होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधाराने ती तरतूद गेली. एखाद्या वाइनची चव मोकळेपणाने चांगली म्हणता येते, त्यामागे हा निकाल आहे.

हे सगळं मुंबईत चाललं होतं तेव्हा नागपूर दुसऱ्याच राज्याची राजधानी होतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, पुढे मध्य प्रदेश. इथली मद्याची परंपराही वेगळी. शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मोहाचं रान. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुलं टपटप गळतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन ती वेचतात, उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलात साखर इतकी असते की नुसत्या पाण्यात भिजवून ती आंबते आणि मग भट्टी लावता येते. गोंड समाजात लग्न, जन्म, मरण, पेन म्हणजे देवांची पूजा यांत मोहाला स्थान आहे. आधी देवाला आणि पितरांना थेंब जमिनीवर वाहायचे, मग सगळ्यांनी मिळून घ्यायची. इंग्रजांनी या ऊर्ध्वपातनावर अबकारी कर बसवला, गावोगावच्या भट्ट्यांचे लिलाव केले, कलालांच्या हाती मक्ते दिले. नागपूरकर आजही देशी दारूच्या दुकानाला भट्टी म्हणतो, तिथे प्रत्यक्षात भट्टी नसली तरी.

दुसरा प्रवाह छावणीचा. कन्हान नदीकाठी कामठीला 1821 साली इंग्रजांनी छावणी वसवली आणि तिच्याबरोबर मेस आली, पेग आला, पुढे जिन आणि टॉनिक आलं. टॉनिकमधलं क्विनाइन हे हिवतापाचं औषध होतं. ते कडू म्हणून त्यात साखर, लिंबू आणि जिन. सिव्हिल लाइन्समधल्या क्लबांत हा रिवाज मुरला, पण तो मूठभर अधिकाऱ्यांचा आणि वकिलांचा. सीताबर्डीच्या दुकानदाराला किंवा इतवारीच्या विणकराला त्या दारातून आत जाता येत नव्हतं.

नोव्हेंबर 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 साली मुंबईचा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र झाला, कायदा मात्र तोच राहिला. नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' व्हायला 2012 उजाडलं. आजही महाराष्ट्रात प्रत्येक प्याला दारूबंदीच्या कायद्याखालीच भरला जातो, ही गोष्ट बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही.

बंदीने पिणं थांबलं नाही, जागा बदलली. मुंबईत चोरून दारू विकणाऱ्या 'आंटी'चे अड्डे चालले, गावागावांत हातभट्ट्या पेटल्या. गूळ आणि नवसागराच्या मिश्रणातून निघणारी ती दारू कोणाचे डोळे घेऊन गेली, कोणाचा जीव. बंदी सैल करण्याचं काम ज्या मुख्यमंत्र्यांच्या काळात झालं ते विदर्भाचे होते. वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, नागपुरात शिकलेले. डिसेंबर 1963 मध्ये ते मुख्यमंत्री झाले. साठच्या दशकात परमिट मिळणं सोपं होत गेलं आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी देशी दारूची परवानाधारक दुकानं उघडली. कायदा रद्द झाला नाही. अपवादाचं दार रुंद होत गेलं, इतकं की त्यातून सगळं शहर आत आलं.

तेव्हाची ती आजाऱ्याची आणि पाहुण्याची खोली अशी कारकुनाची, शिक्षकाची, कंत्राटदाराची झाली. परमिटही राहिलं: एका दिवसाचं विदेशी मद्यासाठी 5 रुपयांना, देशीसाठी 2 रुपयांना, वर्षाचं 100, आयुष्यभराचं 1000. बिअरला वयाची 21 वर्षं, कडक मद्याला 25. कायद्याच्या दृष्टीने घरी बसून पिणाऱ्यालाही परमिट लागतं. गच्चीवर चार मित्र जमले, बर्फ आणला, संत्र्याचा रस काढला, तरी त्या संध्याकाळीही परवाना हवाच.

खोलीने आपलं रूप स्वतः घडवलं. क्लबात बारमन पेय तयार करून द्यायचा. परमिट रूममध्ये वेटर बाटली, सोडा, पाणी, बर्फ टेबलावर ठेवतो आणि मिश्रण टेबलावरचं कोणीतरी करतं. प्रत्येक कंपूत असा एक जण असतो, ज्याच्या हाताला माप असतं. 180 मिलीची निप, 90 मिलीची नाइंटी, त्याच्यापुढे अद्धी आणि खंबा, ही नागपूरची मोजमापं. इथे कॉकटेल फार काळ रुजलं नाही, याचं कारण मला हेच वाटतं: पेल्यात काय आणि किती आहे हे डोळ्यांसमोर दिसायला हवं, मग ते वाटून घेता येतं. सोबत सावजीचं जेवण आलं तर रात्र लांबते. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला तो तिखट मटणाचा रस्सा आणि गार बिअर, या जोडीला देशात तोड नाही असं मी कोणापुढेही म्हणेन.

नागपूरच्या परमिट रूमला आणखी एका गोष्टीने आकार दिला: शेजारचे कोरडे जिल्हे. गांधीजींच्या सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत 1993 साली लोकआंदोलनातून ती आली, त्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अग्रभागी होते. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून ती होती, 2021 साली उठली. त्या आंदोलनांत ज्या बायका रस्त्यावर उतरल्या त्यांनी नवऱ्यांच्या दारूचा संसारावर होणारा मार सोसला होता. मित्रांच्या बैठकीची कुळकथा सांगताना त्यांना वगळणं मला जमणार नाही. बैठकीचा आनंद खरा आहे, आणि त्यांचं दुःखही तितकंच खरं.

2017 मध्ये ही खोली जवळजवळ मिटली. महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2016 चा आदेश 1 एप्रिलपासून लागू झाला. नागपूर हे महामार्गांच्या चौफुलीवरचं शहर. वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड, जिकडे पाहावं तिकडे शटर खाली. जुलैमध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या ठिकाणांना तो आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं, आणि पुढे दारं उघडली.

या कायद्याचं दुसरं भावंड गुजरातेत आहे. 1960 साली राज्य वेगळं झालं तेव्हा तिथेही 1949 चाच कायदा गेला, आणि तिथे तो मूळच्या कडकपणाने टिकला. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरी तपासणी करून मिळणारं परमिट तिथे आजही आहे. डिसेंबर 2023 मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत थोडी मोकळीक दिली, तीही तिथे काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना. आपली परमिट रूम सुरुवातीला जशी होती, तशीच ही तिथली सोय आहे.

नागपुरात आता पडदे हळूहळू उघडत आहेत. मैत्रिणींचे कंपू येतात, नाशिकची वाइन मागवतात, संत्र्याचं कॉकटेल मेनूवर दिसतं. हे मला फार चांगलं वाटतं. पण एक जण अजून बाहेर उभा आहे. इथल्या मातीतला मोह या टेबलावर येत नाही. 2021 साली महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचं जाहीर केलं. गोव्याच्या काजू फेणीला तर 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. गडचिरोली-गोंदियाच्या फुलांपासून स्वच्छ गाळलेलं, वेचणाऱ्या हातांना रास्त दाम देणारं मद्य नागपूरच्या परमिट रूमच्या यादीत पहिल्या ओळीवर असायला हवं, व्हिस्कीच्याही वर.