निगा आणि तारीख : मुंबई बेटावरील जुन्या मोटारींच्या विक्रीचा इतिहास

मुंबई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेल्या वरळीच्या किल्ल्याला लागून असलेल्या कोळीवाड्यात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. शाकारणे म्हणजे मासेमारी बंद असलेल्या महिन्यांत होडी वर काढून ती पावसापासून झाकून ठेवणे. याच मुक्कामात फळ्या तपासल्या जातात, फटी बुजवल्या जातात, इंजिन उघडले जाते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास रंगवलेली होडी पुन्हा पाण्यात उतरते. अशा होडीला नेमके वय सांगणे अवघड असते, कारण सांगाडा एका काळातला, काही फळ्या दुसऱ्या काळातल्या आणि इंजिन तिसऱ्याच काळातले असू शकते. त्यामुळे जुन्या होडीचे मोल करणारा तिच्या जन्मवर्षाआधी नाखव्याने, म्हणजे तिच्या मालकाने, तिची निगा कशी राखली हे पाहतो. याच वरळीच्या रस्त्यांवरून धावलेल्या मोटारींच्या बाबतीत मात्र निगा आणि वय यांचे नाते गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलले. जुन्या मोटारीची किंमत आधी टंचाईने ठरवली, मग मालकाच्या ख्यातीने आणि कारागिराच्या नजरेने, आणि अखेरीस नोंदणीपुस्तकातील तारखेने. या बदलाचा मागोवा म्हणजेच मुंबईतील जुन्या मोटारींच्या बाजाराचा इतिहास होय.

या बाजारात 'हात' हा शब्द कळीचा आहे. ज्याच्या नावावर गाडीची पहिली नोंद झाली तो पहिला हात, त्याच्याकडून घेणारा दुसरा, आणि याच हिशेबाने 'सेकंडहँड' हा शब्द मराठीत इतका रुळला की चौथ्या मालकाकडे गेलेली गाडीही सर्रास सेकंडहँडच म्हटली जाते. हात जितके कमी तितकी गाडीची हकिकत सलग, आणि हकिकत सलग असली की निगेचा पुरावा एकाच माणसाकडे मागता येतो, हे या मोजणीमागचे तर्कशास्त्र आहे.

मोटार मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि १९११ मध्ये टॅक्सी सुरू झाल्या, तरी पुढची काही दशके ती संस्थानिक, गिरणीमालक, बडे व्यापारी आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यापुरतीच मर्यादित होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे परदेशातून सुट्या भागांच्या रूपात आलेल्या गाड्या जोडण्याचा कारखाना उभारला, आणि त्यामुळे परळ-लालबागच्या गिरणगावाला लागूनच मोटारीच्या यंत्राची ओळख असलेला कामगारवर्ग तयार होऊ लागला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकी गाड्या आणि नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या लहान गाड्या बनू लागल्या. ज्या कंपन्यांकडे भारतातच टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याची योजना नाही त्यांनी येथे नुसती जुळणी करू नये, असे धोरण केंद्र सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले. परिणामी शिवडीचे काम थांबले आणि देशात मोटार बनवणाऱ्या मोजक्याच कंपन्या उरल्या. त्यांपैकी मुंबईच्या रस्त्यांवर निर्विवाद वर्चस्व राहिले ते कुर्ल्याच्या फियाटचे.

परवाना पद्धतीच्या, म्हणजे किती माल बनवायचा हेही सरकारी परवान्याने ठरण्याच्या, त्या काळात मागणी आणि उत्पादन यांचा मेळ कधीच बसला नाही. ग्राहकाने अनामत रक्कम भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहायची, अशी रीत पडली. मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश केंद्र सरकारने १९५९ मध्ये काढला. नवी गाडी मिळालेल्या ग्राहकाने ती ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकू नये, असे बंधनही त्या व्यवस्थेत होते. असे बंधन घालावे लागले यातच त्या काळच्या बाजाराचे वर्णन आले: कारखान्याच्या नियंत्रित किमतीला मिळालेली गाडी लगेच विकली तर विकणाऱ्याला वर नफा मिळत असे, कारण घेणारा केवळ गाडीची किंमत देत नव्हता, तर वाट पाहण्याची वर्षेही विकत घेत होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रकार विलक्षण होता. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराला उदाहरण करून एक निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे त्या निबंधाचा मोठा वाटा होता. गाडीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सावधपणे कमी भाव देतो. तो भाव न परवडल्याने चांगली गाडी असलेला मालक ती बाजारात आणतच नाही. आणि शेवटी बाजारात सदोष गाड्यांचेच प्रमाण वाढते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. नवी गाडी विक्रेत्याच्या दालनातून बाहेर पडताच तिचा भाव इतका का घसरतो, या प्रश्नापासून ते आरंभ करतात. त्याच वर्षी मुंबईत मात्र दालनातून बाहेर पडलेल्या फियाटचा भाव चढत होता. टंचाईने घसाऱ्याचा, म्हणजे वापराने वस्तूच्या मोलात येणाऱ्या घटीचा, नियमच उलटा केला होता. विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही, ही अडचण मात्र येथेही तशीच होती आणि मुंबईने तिच्यावर आपले उपाय शोधले.

पहिला उपाय म्हणजे सर्वांच्या परिचयाची एकच गाडी. १९५४ पासून मुंबईत बनू लागलेल्या फियाट ११०० च्या सुरुवातीच्या गोलसर रूपाला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले; १९६४ मध्ये 'डिलाइट' ही नवी आवृत्ती आली; पुढे इटालियन नाव जाऊन तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नावे बदलली तरी १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर यांत फारसा फरक पडला नाही. उत्पादनात पालट नसल्यामुळे दहा वर्षांची गाडी नव्या गाडीसमोर कालबाह्य ठरत नसे, आणि हजारो टॅक्सीही त्याच बनावटीच्या असल्याने सुटे भाग आणि ते बसवणारे हात नाक्यानाक्यावर मिळत. जुनी गाडी घेणाऱ्याला तिचे दोष अगोदर कळले नाहीत तरी ते निस्तरण्याचा खर्च साधारण ठाऊक असे, आणि खर्च ठाऊक असला की भीती कमी होते.

दुसरा उपाय होता ख्यातीचा. 'पारशाची गाडी' हा मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारातील एक मान्य शिक्का होता. रविवारच्या वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत आणि दलालांच्या बोलण्यात तो येई आणि त्यातून गाडी एकहाती आहे, मालक स्वतःच चालवतो, ती रोज पुसली जाते, तेल वेळेवर बदलले जाते, इतके सारे अर्थ एका दमात सूचित होत. हा शिक्का एका समाजाच्या जिव्हाळ्याच्या सवयीवर उभा होता, पण बाजारात त्याचे काम हमीपत्राचे होते, आणि हमीपत्राप्रमाणेच त्याचा गैरवापरही होई.

तिसरा आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मेकॅनिकची नजर. वरळीसारख्या समुद्रालगतच्या वस्तीत ही नजर इंजिनाच्या आधी पत्र्याकडे वळते, कारण खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने लोखंड आतून सडते आणि वरचा रंग शाबूत दिसतो. सडलेल्या किंवा चेपलेल्या जागी पुट्टी भरून त्यावर रंग चढवण्याला या धंद्यात 'लांबी भरणे' म्हणतात. पत्र्यावर बोटाने टिचकी मारली असता लांबी भरलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि लोहचुंबक तेथे चिकटत नाही, या दोन साध्या परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. दारांचे खालचे काठ, पायांखालचा पत्रा आणि डिकीतील सुट्या चाकाची खोबण येथे गंज आधी दिसतो. धुराड्यातून निळसर धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन तेल जाळते आहे असे मानले जाते, आणि मीटरवरचा आकडा मागे फिरवता येत असल्यामुळे पायाखालच्या पेडलचे रबर आणि बैठकीची झीज यांच्याशी तो ताडून पाहिला जातो. निगा राखलेल्या गाडीचा मालक असे परीक्षण टाळत नसे. उलट नेहमीच्या गॅरेजचे नाव सांगणे हाच विक्रीचा भाग असे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि ही घडी विस्कटू लागली. हलकी, कमी इंधन पिणारी आणि वेगळ्या तंत्राची गाडी उपलब्ध झाल्यावर पद्मिनी प्रथमच खऱ्या अर्थाने 'जुनी' दिसू लागली. १९९३ मध्ये मोटार उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठल्यावर नव्या गाड्यांची रांग संपली, जुन्या गाडीवरील टंचाईचे अधिमूल्य नाहीसे झाले आणि अकरलॉफ यांनी वर्णिलेला घसरता भाव मुंबईतही आला. मारुती कंपनीने २००१ मध्ये 'ट्रू व्हॅल्यू' या नावाने जुन्या गाड्यांची तपासणी करून हमीसह विक्री सुरू केली. जे काम पूर्वी पारशी मालकाचे नाव आणि नाक्यावरचा मेकॅनिक करत, ते आता कंपनीच्या छापील तपासणीपत्राकडे गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर गाड्या बुडाल्या. तेव्हापासून 'पाण्यात गेली होती का' हा प्रश्न मुंबईतील प्रत्येक जुन्या गाडीला विचारला जाऊ लागला.

दरम्यान कागदाचे महत्त्वही वाढत गेले. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार, राज्याच्या आत गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. नमुना २९ ही मालकी बदलल्याची सूचना आणि नमुना ३० हा नवे नाव नोंदवण्याचा अर्ज. वरळीसह मुंबई बेटाचे हे दप्तर ताडदेव येथील कार्यालयात असते आणि त्याच कायद्याच्या काळात आलेल्या क्रमांकपद्धतीत या कार्यालयाला 'एमएच ०१' ही ओळख मिळाली. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा दाखलाही लागतो. पैसे आणि चावी यांची देवघेव झाली की व्यवहार संपला, असे मानून नाव न बदलता गाडी पुढे विकण्याची रीत मात्र दीर्घकाळ चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा एका प्रकरणात निर्णय दिला, की गाडी किती हातांतून गेली हे महत्त्वाचे नाही. अपघाताच्या वेळी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या लेखी मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. बाजाराची हातांची मोजणी आणि कायद्याची नावाची नोंद यांतील अंतर या निर्णयाने ठळक झाले.

तारखेचे राज्यही याच कायद्याने आणले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्राने २०१० पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर लावला, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी बंदी आली. महाराष्ट्रात खाजगी गाडीला अशी सरसकट मर्यादा आली नाही, परंतु पंधरा वर्षांची रेघ बाजाराच्या मनात इतकी पक्की झाली, की चौदाव्या वर्षी बरी किंमत येणाऱ्या गाडीला सोळाव्या वर्षी गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. दोन वर्षांत यंत्र तितके झिजत नाही; भाव उतरतो तो कागदाच्या वयामुळे. या रेघेमागे कारण नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. जुन्या इंजिनांचा धूर शहराच्या हवेत मिसळतो, ही वस्तुस्थिती आहे, आणि लाखो गाड्यांची निगा एकेक करून जोखण्यापेक्षा तारीख पाहणे शासनाला सोपे जाते.

टॅक्सींना मात्र वयाची रेघ निरपवादपणे लागू झाली. त्यांच्यासाठी २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा ठरली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सीच्या रूपात रस्त्यावरून कायमची गेली. ती टॅक्सी किती नीट राखली आहे, हा प्रश्न विचारण्याची तरतूदच नियमात नव्हती. तिच्याहून कितीतरी जुनी खाजगी पद्मिनी मात्र तपासणीत उतरली तर आजही नूतनीकरण करून वापरता येते आणि विकताही येते. एकाच कुर्ल्यात जन्मलेल्या दोन गाड्यांचे असे दोन शेवट झाले, कारण एकीचे मोल तारखेने मोजले गेले आणि दुसरीचे निगेने. वरळीच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात शाकारल्या जाणाऱ्या होडीला हे दुसरे माप परिचयाचे आहे.