वर्धेच्या खोऱ्यातली हिमनदी

स्वालबार्डच्या क्रूझचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. काँग्सफिऑर्डमध्ये जहाज हळूहळू आत सरकतं, दोन्ही बाजूंना बर्फाळ डोंगर, समोर थेट समुद्रात उतरलेली हिमनदी. मे महिन्यात नरखेडला बसून पाहिलं तर हे दुसऱ्याच ग्रहावरचं वाटतं. पण जलालखेड्याजवळून वाहणारी आपली वर्धा नदी खाली चंद्रपूरकडे जाते, तिथे हिमनदीच्या खुणा आहेत.

आधी हिमनदीचं काम समजून घेऊ. तिच्या तळाला दगड अडकलेले असतात. ती सरकते तेव्हा सुताराच्या पॉलिश पेपरसारखी खालचा खडक घासत जाते. खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर समांतर ओरखडे उमटतात. अशी कोरलेली दरी समुद्राने भरली की झाला फिऑर्ड.

1856 मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंना ओडिशातल्या तालचेरला एक कोडं सापडलं: बारीक गाळात मोठमोठे गोटे. मोठा गोटा वाहून नेणारा प्रवाह बारीक गाळ खाली बसू देईल का? मग गोटे आणले कुणी? त्यांनी उत्तर दिलं, बर्फाने. अनेकांना ते पटलं नाही. उष्ण भारतात बर्फ कुठून येणार?

1875 मध्ये फ्रान्सिस फेडन यांनी पुरावा छापला. पैनगंगा वर्धेला मिळते त्याच्या थोडं वर, इरई गावाजवळ, गोट्यांच्या थराखाली चुनखडक होता. त्यावर चकाकी आणि ओरखडे, हिमनदीखाली असतात तसेच. पुढे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियातही असेच थर मिळाले. आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 पासून मांडलेल्या खंडवहनाच्या कल्पनेत या थरांना मोठी जागा होती: सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हे सगळे भूभाग दक्षिणेकडे एकत्र होते. गंमत म्हणजे तेव्हा स्वालबार्ड उष्ण पट्ट्यात होतं!

आपला बर्फ वितळला, मग जंगलं वाढली, गाडली गेली आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा बनला. काँग्सफिऑर्डच्या काठचं न्यू-ओलेसुंदही कोळशाच्या खाणीचंच गाव. 1962 च्या स्फोटात 21 कामगार गेले आणि खाण बंद झाली. आज तिथे भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. 1 जुलै 2008 ला सुरू झालेलं हे केंद्र गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय संस्था चालवते. तिथल्या हिमनद्या मागे हटताहेत. आपला बर्फ गेल्यावर तयार झालेला कोळसा आता आपण जाळतो आणि त्याची झळ तिथल्या बर्फाला लागते.

पैनगंगेकाठी कधी गेलात, तर ओरखड्यांचा दगड नीट बघा, हात लावा, पण फोडू नका. ती हिमनदी पुन्हा येऊन दुसरा कोरून देणार नाही.